पाण्यातून येणारा ज्वर : लेप्टोस्पायरोसिस आणि शरीरातील अवयव

चेन्नई शहरात टी. नगर नावाची एक गजबजलेली वसाहत आहे. तिचे पूर्ण नाव त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे नेते पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या स्मरणार्थ ते देण्यात आले. कापड, सोने आणि भांडी यांच्या खरेदीसाठी येथे दूरदूरचे लोक येतात. या गर्दीतून वाट काढणाऱ्या मनुष्यास ही वसाहत एका जुन्या तलावाच्या पात्रात वसली आहे, याची कल्पनाही येत नाही. मांबलम येथे पूर्वी एक लांबच लांब तलाव होता. १९२० नंतरच्या काही वर्षांत तो कोरडा करून तेथे रस्ते आखण्यात आले व घरे बांधण्यात आली.

पाणी मात्र आपली जागा सहसा विसरत नाही. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत चेन्नईवर कोसळतो, तेव्हा ते सखल भागाकडे परत धाव घेते. डिसेंबर २०१५ मध्ये सारे शहर महापुरात सापडले. नोव्हेंबर २०२१ मध्ये टी. नगरचे रस्ते पुन्हा पाण्याखाली गेले. अशा वेळी पावसाचे पाणी, गटाराचे पाणी व बाजारातील केरकचरा एकत्र होतात. उंदीर व घुशी यांची बिळे पाण्याने भरतात. दुकानदार, हमाल, सफाई कामगार, शाळकरी मुले, सर्वांनाच त्या पाण्यातून चालत जावे लागते.

आठ-दहा दिवसांनी त्यांपैकी एखाद्यास थंडी वाजून ताप भरतो. डोके व पोटऱ्या असह्य दुखतात. पुढे डोळे पिवळे दिसू लागतात. घरची माणसे 'कावीळ झाली' असे म्हणून पथ्य सुरू करतात, झाडपाल्याचे औषध देतात आणि वाट पाहतात. ही वाट पाहणे कधी कधी प्राणघातक ठरते. कारण या रोगात डोळ्यांना दिसते ती कावीळ, परंतु प्राणावर बेतते ते मूत्रपिंड व फुप्फुसे यांच्या बिघाडामुळे. रोगाचे नाव लेप्टोस्पायरोसिस. तो शरीरातील निरनिराळ्या अवयवांचे कार्य कसे बिघडवितो, आणि तो बिघाड वेळीच सावरता का येतो, हे समजावून सांगणे हा या पुस्तिकेचा हेतू आहे.

रोगाचा शोध

१८८६ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अडॉल्फ वाइल या वैद्यकशास्त्रज्ञाने चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. ताप, कावीळ, वाढलेली प्लीहा व मूत्रपिंडाचा दाह ही लक्षणे त्या चौघांतही एकत्र आढळली होती. तेव्हापासून या रोगाच्या तीव्र स्वरूपास 'वाइलचा रोग' असे म्हणतात. रोगाचे कारण मात्र त्या वेळी कळले नाही.

१९०७ साली अमेरिकेत स्टिमसन यांनी पीतज्वराने मरण पावला असे समजल्या गेलेल्या एका रुग्णाच्या मूत्रपिंडाचे सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केले. त्यात त्यांना मळसूत्राप्रमाणे वळ्या असलेले जंतू आढळले. त्यांची टोके आकड्यासारखी वळलेली असल्यामुळे ते प्रश्नचिन्हासारखे दिसत. म्हणून त्यांना 'इंटरोगॅन्स' म्हणजे 'प्रश्न विचारणारा' असे नाव मिळाले. हा प्रश्न सोडविण्याचे श्रेय जपानी संशोधकांकडे जाते. क्यूशू बेटावरील कोळशाच्या खाणींत पाण्यात उभे राहून काम करणाऱ्या मजुरांना हा रोग वारंवार होत असे. इनादा व इडो यांनी रुग्णांचे रक्त गिनीपिगांना टोचून रोग उत्पन्न केला व त्यांच्या यकृतात हे जंतू दाखवून दिले. १९१५-१६ च्या सुमारास हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि १९१७ साली उंदीर हा या जंतूचा वाहक असल्याचे इडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. त्याच सुमारास पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत चिखलात राहणाऱ्या सैनिकांत हाच रोग जर्मन संशोधकांनाही आढळला.

कावीळ मनुष्यास कशी फसविते, याचे एक उदाहरण येथे देण्यासारखे आहे. जंतूस 'लेप्टोस्पायरा' म्हणजे 'बारीक वळीचा' हे नाव देणारे हिदेयो नोगुची हे नामांकित संशोधक होते. दक्षिण अमेरिकेतील पीतज्वराच्या रुग्णांत त्यांना लेप्टोस्पायरा सापडले, आणि पीतज्वर या जंतूमुळेच होतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. वास्तविक पीतज्वर विषाणूमुळे होतो. हा वाद चालू असतानाच १९२८ साली आफ्रिकेतील आक्रा येथे नोगुची पीतज्वरानेच मरण पावले. दोन्ही रोगांत रुग्ण पिवळा पडतो. त्या एका साम्यामुळे एक थोर शास्त्रज्ञही चुकला.

जंतूचा जीवनक्रम

लेप्टोस्पायरा हा अतिशय बारीक जंतू आहे. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतकी असते, व लांबी तिच्या साठ ते दोनशे पट. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाश तिरपा टाकला असता मात्र चांदीच्या तारेसारखा चमकत, स्वतःभोवती गरगर फिरत पुढे जाताना दिसतो.

उंदीर, घूस, कुत्रा, डुक्कर, गाय, म्हैस अशा अनेक प्राण्यांच्या मूत्रपिंडांत हा जंतू वस्ती करतो. उंदरास त्यापासून फारसा उपद्रव होत नाही. परंतु त्याच्या मूत्रावाटे जंतू महिनोन् महिने बाहेर पडत राहतात. ओल्या मातीत व साचलेल्या गोड्या पाण्यात ते कित्येक आठवडे जगू शकतात. कोरडेपणा, कडक ऊन, खारे पाणी, आम्ल व क्लोरीन ही त्यांना मानवत नाहीत. यावरून हा रोग पावसाळ्याचा का, आणि तो भातशेतीत, गटारांत व पूरग्रस्त वस्त्यांत का आढळतो, हे वाचकांच्या सहज ध्यानात येईल.

मनुष्याच्या शरीरात हा जंतू त्वचेवरील जखमांतून, पायाच्या भेगांतून, पाण्यात भिजून मऊ झालेल्या त्वचेतून, तसेच डोळे, नाक व तोंड यांच्या अस्तरातून शिरतो. एका मनुष्याकडून दुसऱ्यास हा रोग सहसा होत नाही. जंतू शरीरात शिरल्यापासून साधारणतः पाच ते चौदा दिवसांत ताप येतो. क्वचित यास महिनाही लागतो.

रोगाच्या दोन अवस्था

पहिल्या अवस्थेत जंतू रक्तात संचार करतात. ती चार ते सात दिवस टिकते. जोराचा ताप, डोकेदुखी, कंबर व पोटऱ्या यांतील वेदना ही तिची लक्षणे होत. पोटऱ्या इतक्या दुखऱ्या होतात की, हात लावताच रुग्ण पाय मागे घेतो. डोळ्यांचा पांढरा भाग लालबुंद होतो. परंतु डोळे आल्यावर येतात तशी चिपडे येत नाहीत. पावसाळ्यातील तापात ही दोन चिन्हे एकत्र दिसली तर वैद्य सावध होतो.

दुसऱ्या अवस्थेत शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. रक्तातील जंतू नाहीसे होऊ लागतात, परंतु मूत्रपिंडासारख्या ठिकाणी ते टिकून राहतात. सुमारे दहांपैकी नऊ रुग्णांत रोग सौम्य असतो व ते बरे होतात. उरलेल्या थोड्या रुग्णांत तो तीव्र रूप धारण करतो. अशा वेळी दोन अवस्थांमधील सीमा पुसट होते आणि एकामागून एक अवयव निकामी होऊ लागतात.

या सर्व उत्पातांचे मूळ बहुतांशी एकच आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास इजा होते व त्या झिरपू लागतात. त्यातच रक्त गोठविण्यास साहाय्य करणारे बिंबाणू कमी होतात. त्यामुळे रक्तातील द्रव, व कधी कधी प्रत्यक्ष रक्तच, अवयवांत पाझरते. कोणत्या अवयवावर काय परिणाम होतो, ते आता क्रमाने पाहू.

यकृत

यकृताच्या पेशी एकमेकींस घट्ट चिकटलेल्या असतात, आणि त्यांच्यामधील अरुंद पन्हळींतून पित्त वाहते. त्या पन्हळींच्या कडा पाणी झिरपू नये अशा रीतीने बंद असतात. लेप्टोस्पायरा पेशींच्या मधल्या फटींत घुसतात व त्यांची जोडणी उसवतात. हॅमस्टर या प्राण्यावर प्रयोग करून जपानी संशोधकांनी २०१४ साली हे दाखवून दिले. पन्हळ फुटली की पित्त आतड्याकडे जाण्याऐवजी रक्तात मिसळते, व त्यातील बिलिरुबिन नावाच्या रंगद्रव्यामुळे डोळे व त्वचा पिवळी होते.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. विषाणूंमुळे होणाऱ्या काविळीत यकृताच्या पेशीच मोठ्या प्रमाणावर मरतात. म्हणून पेशींतील विकरे रक्तात पुष्कळ वाढतात. लेप्टोस्पायरोसिसमध्ये बिलिरुबिन फार वाढते, परंतु ती विकरे त्या मानाने थोडीच वाढतात. भिंत कोसळलेली नसते; फक्त विटांमधील चुना सुटलेला असतो. म्हणूनच केवळ यकृताच्या बिघाडाने या रोगात मृत्यू येणे विरळ होय, आणि रोग बरा झाल्यावर यकृत सहसा पूर्ववत होते. कावीळ हे रोग तीव्र झाल्याचे चिन्ह आहे. ते मृत्यूचे प्रमुख कारण नव्हे.

मूत्रपिंडे

मूत्रपिंड हा या जंतूचा आवडता आश्रय आहे. निरोगी मनुष्याच्या मूत्रपिंडांत दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. गाळलेल्या द्रवापैकी जवळजवळ दोन-तृतीयांश भाग मूत्रनलिकेचा पहिलाच तुकडा परत शोषून घेतो. लेप्टोस्पायरा नेमक्या याच तुकड्यावर व त्याच्या सभोवतालच्या ऊतकावर आघात करतात.

याचा परिणाम मोठा चमत्कारिक असतो. सर्वसाधारणपणे मूत्रपिंडे निकामी झाली की लघवी बंद होते व रक्तातील पोटॅशियम वाढते. या रोगात पुष्कळदा, विशेषतः आरंभी, याच्या उलट घडते. नलिकेच्या पहिल्या भागात सोडियम शोषले जात नाही. ते पुढील भागांत लोटले जाते. पुढील भाग ते सोडियम वाचविण्याच्या खटपटीत मोबदल्यादाखल पोटॅशियम बाहेर टाकतात. त्यामुळे लघवी होत असते, परंतु मूत्रपिंडाचे काम चाललेले नसते. आणि रक्तातील पोटॅशियम उलट कमी होते. 'लघवी होत आहे, तेव्हा चिंता नाही' असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे. ताप, उलट्या व झिरपणाऱ्या रक्तवाहिन्या यांमुळे शरीरातील द्रव घटला म्हणजे मूत्रपिंडांना रक्त अपुरे पडू लागते. मग लघवी खरोखरीच कमी होते, युरिया साठतो, पोटॅशियम वाढू लागते आणि रुग्णास गुंगी येते.

या विषयात चेन्नईचे वैद्यकीय कार्य लक्षणीय आहे. तेथील डॉ. मुथुसेतुपती व त्यांचे सहकारी यांनी मद्रास शहरातील रुग्णांच्या मूत्रपिंडांवर या रोगाचा होणारा परिणाम अभ्यासला व आपला अनुभव १९९१ साली प्रसिद्ध केला. हा लेख मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी संलग्न असलेल्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोन्ही बंदरांच्या शहरांतील वैद्यांस या रोगाची सारखीच निकड होती, असेच म्हणावे लागेल.

मूत्रपिंडाविषयीची सर्वांत आशादायक गोष्ट अशी की, ही इजा बहुधा कायमची नसते. रुग्ण जगला तर नलिकांच्या पेशी पुन्हा वाढतात व काही आठवड्यांत बहुतेकांची मूत्रपिंडे कामास लागतात. प्रश्न असतो तो मधले दिवस निभावून नेण्याचा. ते काम डायालिसिसच्या यंत्राने, म्हणजे शरीराबाहेर रक्त शुद्ध करून, साधते. ब्राझीलमधील साओ पावलो येथील वैद्यांनी २००७ साली असे दाखविले की, अत्यवस्थ रुग्णांस विलंब न लावता व दररोज डायालिसिस दिल्यास मृत्यूंचे प्रमाण पुष्कळच घटते. तेच यंत्र, तेच रुग्णालय. फरक फक्त वेळेचा.

फुप्फुसे

फुप्फुसांतील वायुकोशांच्या भिंती इतक्या पातळ असतात की, त्यांमधून प्राणवायू सहज रक्तात जातो. या भिंतींतील केशवाहिन्या फुटू लागल्या म्हणजे वायुकोश रक्ताने भरतात. रुग्णास खोकला येतो, थुंकीतून रक्त पडते, श्वास लागतो. आणि काही तासांतच तो बुडणाऱ्या मनुष्याप्रमाणे तडफडू लागतो. काही रुग्णांत रक्त बाहेर पडतच नाही. केवळ श्वासाचा वेग वाढतो. आणि विशेष म्हणजे, अशा रुग्णास कावीळ झालेलीच असेल असे नाही.

अंदमान बेटांवर १९८८ पासून डिगलीपूर भागात तापाची एक साथ पुनःपुन्हा येऊ लागली. रुग्णांच्या फुप्फुसांत रक्तस्राव होऊन मृत्यू होत असत. प्रारंभी तिला 'अंदमानचा रक्तस्रावी ज्वर' असे म्हणत. पुढे पोर्ट ब्लेअर येथील संशोधकांनी तो लेप्टोस्पायरोसिस असल्याचे दाखवून दिले. १९९५ साली मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशातही अशीच साथ आली. तेथेही कावीळ नव्हती, म्हणून रोग प्रथम ओळखला गेला नाही.

मरणोत्तर तपासणीत अशा फुप्फुसांत जंतू थोडेच आढळतात, परंतु वायुकोशांच्या भिंतींवर प्रतिपिंडे साचलेली दिसतात. यावरून जंतूच्या आघाताबरोबरच शरीराची स्वतःची प्रतिक्रियाही या अनर्थास हातभार लावीत असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. फुप्फुसात मोठा रक्तस्राव झालेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावू शकतात. या रोगाचे हे सर्वांत भयंकर रूप होय.

हृदय, मेंदू, स्नायू व डोळे

हृदयाच्या स्नायूंस दाह झाल्यास नाडी अनियमित होते, रक्तदाब उतरतो. म्हणून अत्यवस्थ रुग्णाचा हृदयालेख वरचेवर काढतात. दुसऱ्या अवस्थेत मेंदूच्या आवरणास दाह होऊन तीव्र डोकेदुखी व मान ताठणे ही लक्षणे दिसतात. ती बहुधा आपोआप ओसरतात. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात आली म्हणजे मूत्रपिंडांवरचा भार आणखी वाढतो. डोळ्यांच्या आतील दाह मात्र काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही उद्भवू शकतो. सबब, बरे झालेल्या मनुष्यास पुढे डोळा दुखू लागला अथवा दृष्टी अंधुक झाली, तर त्याने आपल्या जुन्या आजाराची माहिती वैद्यास अवश्य द्यावी.

निदान व उपचार

हिवताप, डेंग्यू, विषमज्वर, विषाणुजन्य कावीळ व लेप्टोस्पायरोसिस हे सारे एकाच हंगामात येतात व प्रारंभी सारखेच दिसतात. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी साधारणपणे पाचव्या-सहाव्या दिवसानंतरच उपयोगी पडते. जंतूची जनुके ओळखणारी चाचणी पहिल्या काही दिवसांत करता येते, परंतु ती सर्वत्र उपलब्ध नाही. जंतू प्रयोगशाळेत वाढविण्यास तर आठवडे लागतात. सर्वांत विश्वसनीय मानली जाणारी कसोटी अशी की, जिवंत लेप्टोस्पायरांत रुग्णाचा रक्तरस मिसळून ते गोळा होतात की काय ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचे. पण ती मोजक्याच प्रयोगशाळांत होते. म्हणून वैद्य निर्णायक चाचणीची वाट न पाहता संशयावरूनच उपचार सुरू करतो.

त्या संशयास आधार देणारी माहिती रुग्णाजवळच असते. 'मी आठवड्यापूर्वी गुडघाभर पाण्यातून चालत गेलो होतो,' हे एक वाक्य पुष्कळदा वैद्यास योग्य दिशा दाखविते. सौम्य रोगात डॉक्सिसायक्लिन व तीव्र रोगात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रियाक्झोन ही औषधे देतात. ती जितकी लवकर द्यावी तितका गुण अधिक. अवयव निकामी होऊ लागल्यावर केवळ जंतुनाशक औषध पुरत नाही. शिरेतून द्रव, डायालिसिस व कृत्रिम श्वसन यांचा आधार द्यावा लागतो.

प्रतिबंध

महाराष्ट्रात या रोगाचे स्मरण २६ जुलै २००५ या दिवसाशी जोडले गेले आहे. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हजारो लोक छातीभर पाण्यातून घरी गेले, आणि पुढील आठवड्यांत रुग्णालयांत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आले. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात, भातलावणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना हा रोग होतो. जगाचा विचार केला, तर २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार दरवर्षी सुमारे १० लाख ३० हजार लोकांना हा रोग होतो व ५८,९०० लोक मरण पावतात.

या रोगाच्या जंतूचे अडीचशेहून अधिक प्रकार आहेत. त्यामुळे सर्वांवर लागू पडेल अशी लस मनुष्यासाठी अद्याप नाही. तेव्हा पुढील काळजी प्रत्येकाने घ्यावी. साचलेल्या पाण्यातून, विशेषतः पायास जखम असता, चालणे टाळावे. चालणे भागच असेल तर गमबूट घालावेत, व घरी येताच पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत. पूरग्रस्तांना व सफाई कामगारांना वैद्याच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनच्या प्रतिबंधक गोळ्या देता येतात. पनामा येथे अमेरिकन सैनिकांवर झालेल्या व १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यास २०० मिलिग्रॅम मात्रेचा चांगला उपयोग झाल्याचे आढळले. गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांनी मात्र ही गोळी परस्पर घेऊ नये. बाजारातील कचरा वेळच्या वेळी उचलणे, गटारे वाहती ठेवणे व उंदीर-घुशींचा बंदोबस्त करणे ही कामे एकट्यादुकट्याची नव्हेत. ती साऱ्या नगराची आहेत.

तळ्यांवर नगरे वसली. ती आता उठविता येणार नाहीत. टी. नगर असो वा मुंबईचा एखादा सखल भाग असो, पाणी पुन्हा येणारच. ते ओसरल्यावर पंधरा-वीस दिवस मात्र प्रत्येक घराने सावध राहावे. त्या दिवसांत ताप आला तर कावीळ दिसण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि पाण्यातून चालल्याची हकिकत सांगावी. उसवलेले यकृत सांधते, थकलेली मूत्रपिंडे पुन्हा कामास लागतात. त्यांना अवधी मिळवून देणे एवढेच आपल्या हाती असते, आणि पुष्कळदा तेवढे पुरे होते.